खिडकीतली फ्रेंच ताटली

फोन काकूचाच आला. दिवेलागणीची वेळ होती, मी बेळगावात घरी सहामाहीचे पेपर तपासत बसले होते. काकू फोनवर कधी सरळ मुद्द्यावर येत नाही. आधी पाऊसपाणी, मग भाजीपाला, मग कुणाच्या मुलीचं कुठं जमलं, आणि सगळ्यात शेवटी ज्यासाठी फोन केला ते. त्या दिवशी ती एवढंच म्हणाली, "विजू, अण्णा गेलं गं... जेवण झालतं त्यांचं." आमच्यासारख्या जैन घरात या दुसऱ्या वाक्याला मोठा अर्थ असतो. सूर्य मावळायच्या आत जेवून मोकळं व्हायचं, हा नियम अण्णांनी जन्मभर पाळला आणि शेवटच्या दिवशीही चुकवला नाही. भाकरी, दोडक्याची भाजी आणि वाटीभर ताक घेतलं, हात धुतले, आणि खिडकीपाशी आपल्या खुर्चीत जाऊन बसले. काकू भांडी आवरून बाहेर आली तेव्हा खिडकीत ऊन होतं, उन्हात ताटली होती, आणि अण्णा नव्हते.

भूपालअण्णा माझे चुलते, वडिलांचे धाकटे भाऊ. निपाणीत त्यांची तंबाखूची वखार होती. बाजारपेठेत त्यांना ओळखणारे अजून पुष्कळ आहेत, आणि 'अण्णांनी माल बघितला म्हणजे बघितला' असं म्हणणारेही आहेत. पण गेला सव्वा महिना मला सारखी आठवते ती त्यांची दुसरी पारख, जी घरातल्या दोन-चार माणसांपलीकडे कुणाला ठाऊक नव्हती. अण्णांकडे जुन्या फ्रेंच चिनी मातीच्या ताटल्या होत्या. शंभर वर्षांहून जुन्या, पांढऱ्याशुभ्र, फुलांच्या, सोनेरी काठाच्या. पन्नासच्या वर वर्षं त्या त्यांच्याजवळ होत्या, आणि इतक्या वर्षांत त्यांतल्या एकीतही कुणी कधी घासभर खाल्लं नव्हतं.

ते जायच्या आठ दिवस आधी मी निपाणीला गेले होते. काकू बस्तीत, म्हणजे जैन देवळात, दर्शनाला गेली होती आणि आम्ही दोघंच बाहेरच्या खोलीत होतो. अण्णा फार थकले होते, पण डोळे खिडकीकडे. तिथं नेहमीसारखी एक ताटली लाकडी टेकूवर उभी होती आणि तिच्यातून ऊन गाळून आत येत होतं. "विजू, एक काम हाय," ते म्हणाले. "मी गेल्यावर करायचं." मी म्हटलं, असलं काही बोलू नका. तर म्हणाले, "बरं. पर मी न जाता ते हुईत न्हाई, मग काय करायचं?" मला हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही. मग हळू आवाजात त्यांनी सांगितलं, "काकूला सांग, त्या ताटल्यांत हाडं न्हाईत. तिला किळस बसलीया, ती तेवढी जाऊ दे मनातनं." मी मान हलवली. हाडं नाहीत हे मला तीस वर्षांपासून ठाऊक होतं, अण्णांनाही तेव्हापासूनच. ठाऊक नव्हतं ते फक्त काकूला, निदान आम्ही दोघं तसं धरून चाललो होतो.

अण्णा-काकूंना मूलबाळ नाही. शाळेला सुट्टी लागली की घरचे माझी पिशवी भरून मला निपाणीला पाठवत. वखारीच्या पुढच्या अंगाला अण्णांची बसायची खोली होती. पांढरी गादी, तक्क्या, भिंतीवर महावीरांची तसबीर, आणि कोपऱ्यात काचेचं कपाट. मागे तंबाखूचा उग्र गोडसर वास, चाळणाऱ्या बायकांचं बोलणं, हवेत तरंगणारी पिवळसर धूळ... त्या सगळ्या धुळीत ते कपाट मात्र सकाळी पुसलेलं असायचं. अण्णांकडे शेतकरी मालाचा नमुना घेऊन यायचे. अण्णा चिमूटभर तंबाखू तळहातावर पसरायचे, डोळे मिटून बोटानं चोळायचे, वास घ्यायचे, आणि मग खिडकीशी नेऊन रंग बघायचे. स्वतः त्यांनी जन्मात तंबाखू तोंडात घातली नाही. मी विचारलं, आधी बघत का नाही? तर म्हणाले, "डोळा लई लबाड असतोय. त्याला सगळ्यात शेवटी विचारायचं."

ताटल्याही मला त्यांनी याच क्रमानं शिकवल्या. मी सात-आठ वर्षांची असेन. डोळे मिटायला लावून त्यांनी ताटली माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "कडंवरनं बोट फिरव." कड सरळ नव्हती, करंजीच्या मुरडीसारखी ती आत-बाहेर वळत होती, पण करंजीला जशी टोकं लागतात तशी लागत नव्हती. कडेपासून आत बोट उतरलं की एक गुळगुळीत उतार, मग सपाट तळ. मग पालथी घालून बुडाच्या कड्यावर बोट ठेवायला लावलं. तिथं झिलई नव्हती, जरा खरखर लागत होती. "ही तिची टाच. हिच्यावर ती उभारती. वरनं किती बी नटू दे, टाच उघडीच ऱ्हाती." मग बोटाच्या नखानं एक टिचकी. आवाज आला आणि बराच वेळ खोलीत राहिला. सगळ्यात शेवटी डोळे उघडायचे. अण्णा ताटली खिडकीसमोर धरायचे आणि मागं आपला हात न्यायचे. दुधातून दिसावीत तशी त्यांची पाच बोटं मला त्या पांढऱ्या ताटलीतून दिसायची. पुढं मी विज्ञान शिकवायला लागले, प्रकाश पार जाणारे आणि न जाणारे पदार्थ मुलांना इतकी वर्षं शिकवले, पण तो धडा शिकवताना दरवेळी मला अण्णांची बोटं दिसतात.

नक्षीचं तर त्यांना वेडच होतं. प्रत्येक ताटलीवर फुलांचे तीन झुबके होते, फिक्या गुलाबी गुलाबांचे, मध्ये एखादं निळं रानफूल. एक झुबका मोठा, दोन लहान. मोठा झुबका मधोमध नव्हता, एका अंगाला होता, आणि त्याची एक डहाळी काठावर चढू की नको अशा बेतात थांबलेली. बाकी सगळं कोरं. मला वाटायचं, एवढी जागा रिकामी का सोडली? आणखी फुलं काढली असती तर! अण्णा म्हणायचे, "फुलं नगं बघू. हात कुठं आवरलाय ते बघ. काढाय समद्यांस्नी येतंय, थांबाय येत न्हाई." भिंग घेऊन ते दाखवायचे, की पाकळीची बारीक रेघ छापाची आहे पण आतला रंग हातानं भरलेला आहे, म्हणून एका ताटलीवरचा गुलाब दुसरीवरच्या गुलाबासारखा नाही. कुठं रंग रेघेबाहेर गेला आहे, कुठं आत कमी पडला आहे. मागच्या बाजूला दोन शिक्के होते, एक झिलईखाली हिरवा, तो ताटली घडवणाऱ्यांचा, आणि एक झिलईवर तांबडा, तो नक्षी करणाऱ्यांचा. "म्हंजे बघ, भाजली एकीकडं, नटली दुसरीकडं. लेकीवाणीच की!"

एका ताटलीचा सोनेरी काठ एकाच जागी पुसट झाला होता. अंगठ्याएवढी जागा. अण्णा आपला अंगठा तिथं ठेवून बसायचे. कुणीतरी ही ताटली रोज इथंच धरून उचलत असेल, वर्षानुवर्षं... कोण असेल? बाई की बापय? म्हातारं की तरुण? उन्हं कलली की त्यांचं असं बोलणं सुरू व्हायचं आणि समोर मी असो वा नसो, ते चालूच राहायचं. त्या फ्रान्सच्या गावात नदी असेल काय, आपल्या वेदगंगेएवढी तरी? नक्षी भरणारी बाई खिडकीशीच बसत असेल, नाहीतर उजेड कुठला मिळणार? "दिसाला शंभर गुलाब काढत असंल. घरला गेल्यावर तिला गुलाबाचं नाव बी नको वाटत असंल, आमच्या चाळणीवरच्या बायकांस्नी तंबाखूचं वाटतंय तसं." निपाणीच्या पलीकडे फारसं न गेलेला हा माणूस त्या न पाहिलेल्या गावात रोज संध्याकाळी एक फेरी मारून यायचा. आल्यावर काकू स्टीलच्या पेल्यात दूध आणून ठेवायची, कपाटाकडे न बघता.

ताटल्या आल्या कशा, ते मी आईकडून ऐकलं आणि पुढं अण्णांकडून. अण्णांचं लग्न होऊन सहा महिने झाले होते. मालाची वॅगन अडकली म्हणून ते लोंढ्याला गेले होते. तिथं रेल्वेतल्या एका गोवेकर ख्रिश्चन कुटुंबातली म्हातारी बाई घर आवरून मुलाकडे निघाली होती आणि सामान विकायला काढलं होतं. पायऱ्यांवर ताटल्या मांडून ठेवल्या होत्या, सकाळचं ऊन त्यांच्यातून जात होतं. अण्णा पायरीशी उभे राहिले ते राहिलेच. तंबाखूच्या खोलीत वाढलेल्या माणसानं एवढं पांढरं काही बघितलं नव्हतं. त्यांनी त्या सगळ्या घेतल्या, भाताच्या पेंढ्यात बांधल्या, आणि गाठोडं मांडीवर घेऊन निपाणीपर्यंत आले. मनात बेत एकच होता, नवी नवरी आणि आपण समोरासमोर बसून यात जेवायचं.

त्यात एक गंमतही होती. सगळ्या ताटल्यांत एकच ताटली अशी होती, की तिच्या तळाला, फुलांपासून दूर, लाल पाठीचा, काळ्या ठिपक्यांचा एक एवढासा किडा चितारलेला. पायांसकट. खाली बारीकशी सावलीही. अण्णांनी ठरवलं होतं की ही ताटली पद्माला द्यायची, काकूचं नाव पद्मा. भात सरत सरत जाईल, खालून किडा निघेल, आणि ती दचकेल. आमच्याकडे अन्नात किडामुंगी म्हणजे केवढी धांदल! ती दचकली की मग आपण हसायचं. नवऱ्यानं बायकोची एवढी थट्टा करायलाही त्या काळी निमित्त लागायचं.

तो बेत तडीला गेलाच नाही. गाठोडं उंबऱ्याच्या आत आलं आणि अण्णांच्या आईनं, म्हणजे माझ्या आज्जीनं, एकच प्रश्न विचारला: "गोरी माणसं ताटल्यांत हाडाची राख घालत्यात म्हणं. ह्यात हाय का न्हाई?" अण्णा 'नाही' म्हणाले असते तर प्रश्न मिटला असता. पण त्यांना खरोखर ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसताना नाही म्हणणं त्यांच्या जिभेला जमणारं नव्हतं. ते म्हणाले, "म्हाईत न्हाई." झालं! आज्जीनं त्या दिवसापासून त्यांच्याशी बोलणं टाकलं. आठ दिवस घरात कुणी मोकळा श्वास घेतला नाही. नवव्या दिवशी, एकोणीस वर्षांची काकू सकाळी अंघोळ करून बस्तीत गेली. तिथं चातुर्मासासाठी महाराज आले होते. त्यांच्यासमोर हात जोडून तिनं नियम घेतला, की या जन्मात चिनी मातीच्या भांड्यात जेवणार नाही. घरी येऊन सासूला नमस्कार केला. आज्जीनं त्याच दुपारी मुलाला ताटावर हाक मारली. ताटल्या वखारीतल्या कपाटात गेल्या. अण्णांनी त्यावर चकार शब्द काढला नाही. पण आपण प्रेमानं आणलेल्या वस्तूची बायकोला किळस आली, हा काटा त्यांच्या मनात जो रुतला तो रुतलाच.

नऊ वर्षांची असताना माझ्या हातून त्यातली एक ताटली फुटली. मी रडून घर डोक्यावर घेतलं. अण्णा रागावले नाहीत. खाली बसून तुकडे गोळा केले, एक तुकडा उन्हात धरला आणि तुटलेली कड मला दाखवली. "बघ, आतनं बी तशीच पांढरी. रंग फासलेला न्हवं. आत एक बाहीर एक असं न्हाईच." शिक्का असलेला तो तुकडा त्यांनी कागदात गुंडाळून खणात ठेवला. पुढं वीसेक वर्षांनी, बेळगावच्या शाळेत नोकरीला लागल्यावर, मी मुलांना खानापूरला कुंभारकाम दाखवायला नेणार होते. अण्णांना सहज म्हटलं, येता काय? पोराच्या उत्साहानं ते आले. कापडी पिशवीत तो तुकडा आणि किड्याची ताटली.

तिथं मातीचं काम शिकवणारे एक वयस्क मास्तर होते. त्यांनी तुकडा भिंगाखाली धरला, ताटली टिचकी मारून ऐकली, शिक्के वाचले. म्हणाले, हे लिमोजचं काम आहे, फ्रान्समधलं. हाडाची राख घालायची ती मुख्यतः इंग्रजांची तऱ्हा. या गावाजवळ पांढरी माती सापडली, आणि ती माती, गारगोटी आणि आणखी एक दगड दळून हे लोक ताटल्या करत आले. "यात हाडबिड काही नाही, अण्णा. नुसती माती आणि दगड." किडा बघून ते हसले. भट्टीत तिथं बारीक डाग पडला असेल, ताटली टाकून द्यायला नको म्हणून चितारणाऱ्यानं डागावर किडा बसवून दिला. जुन्या कारागिरांची ही युक्तीच.

मला वाटलं, अण्णा आनंदानं नाचतील. पण परतताना त्यांचं लक्ष खिडकीबाहेरच होतं. बेळगावच्या स्टँडवर निपाणीच्या गाडीची वाट बघत आम्ही बाकावर बसलो तेव्हा म्हणाले, "काकूला ह्यातलं काय सांगू नगंस." मी चिडलेच. इतकी वर्षं ज्या शंकेनं घास अडवला ती शंका फिटली, आणि सांगायचं नाही? ते म्हणाले, "तिनं नियम घेतलाय. तो काय ती मोडायची न्हाई. मग हाडं न्हाईत हे कळून तिला काय मिळंल? उगंच 'ह्यांचं मन मोडलं' म्हणून झुरत बसंल. मी गेल्यावर सांग पायजे तर. तवा मोडायला मन तरी कुणाचं असतंय?" गाडी आली. मांडीवर पिशवी घेऊन ते खिडकीशी बसले. खाली उभी राहून मी बघत होते, पिशवीवर त्यांचा हात लहान मुलाच्या पाठीवर ठेवावा तसा होता.

त्यानंतरची तीस वर्षं त्यांनी ताटल्या नुसत्या बघितल्या. वखारीचं काम कमी झालं, कपाट घरी बाहेरच्या खोलीत आलं. आठवड्याला एक ताटली खिडकीत. सोमवारी सकाळी जुनी आत, नवी बाहेर. दिवाळीआधी बादलीत कोमट पाणी घेऊन स्वतः एकेक धुवायचे, मऊ धोतराच्या फडक्यानं टिपायचे. मी थट्टेनं म्हणायची, अण्णा, तुमच्या ह्या फ्रेंच माहेरवाशिणी. तेही मान डोलवायचे. जेवणाच्या वेळी दोघं स्टीलच्या ताटांपुढं बसायचे आणि पश्चिमेचं ऊन ताटलीतून येऊन त्यांच्या ताटांवर पडायचं. काकूची पाठ खिडकीकडे असायची. ती जागा तिनं कधी बदलली नाही, आणि अण्णांनी त्याचा अर्थ त्यांच्या परीनं लावला होता.

अण्णा गेल्यावर मी निपाणीला तीनदा जाऊन आले. तिन्ही वेळा निरोप ओठांवर आला आणि परत गेला. वर्गात चाळीस पोरांना दटावणारी मी, पण काकूसमोर तोंड उघडेना. कसं सांगायचं? पंचावन्न वर्षं तू जे टाळलंस ते टाळायची काही गरज नव्हती, असं एका पंच्याहत्तरीला टेकलेल्या बाईला सांगायचं? चौथ्या खेपेला, गेल्या रविवारी, तिनंच विषय काढला. दुपार कलली होती, ती सोप्यात मूग निवडत बसली होती. म्हणाली, "त्या ताटल्या तू घिऊन जा. माझ्या माघारी कोण बघणार हाय?"

मग मी सांगितलं. अडखळत, मधलं आधी आणि आधीचं शेवटी असं सांगितलं. खानापूर, तो मास्तर, पांढरी माती, गारगोटी. काकूची बोटं मुगातून फिरतच होती. माझं संपल्यावर एक खडा बाजूला टाकून ती म्हणाली, "म्हाईत हाय मला."

"कुणी सांगितलं?"

"सांगाय कशाला पायजे कुणी? उंबऱ्यावर मुंग्यांची रांग लागली तर ती सरंपतुर दारात उभारणारा माणूस. त्यो हाडं घरात ठेवंल? ह्यांनी ताटल्या खिडकीत ठेवल्यात म्हणजेच न्हाईत हाडं. एवढं कळाय मास्तर लागतोय व्हय?"

मग नियम कशाला घेतलास, असं मी विचारलं. काकू बोलायला लागली, आणि आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दलही 'गेलतो, आलतो' असंच म्हणतात, तशी ती बोलत होती. "मी हाडासाठी न्हवता घेतला नियम. सासूबाई ह्यांच्यासंगं बोलत न्हवत्या. आई बोलंना म्हणून ह्यांच्या गळ्याखाली घास उतरंना. कुणीतरी कायतरी सोडल्याबिगर ते सुटणार न्हवतं बघ. मग मी ताटल्या सोडल्या."

"पण काकू, अण्णांना वाटत होतं तुला त्या ताटल्यांची किळस आली. शेवटपर्यंत त्यांना तसंच वाटत होतं."

आता मात्र तिची बोटं थांबली. सुपातले मूग तसेच राहिले. "किळस?" ती म्हणाली. "असं वाटत हुतं त्यांस्नी?..." डोळे भरून आले, तिनं ते पुसलेही नाहीत. मला स्वतःचाच संताप आला. दोन माणसं एकमेकांचं मन जपत इतकी वर्षं समोरासमोर जेवली, आणि दोघांच्या मध्ये मी, तोंडाला कुलूप लावून, शहाणी!

मग तिनं सांगितलं. नियम घेऊन चार दिवस झाले होते. अण्णा संकेश्वरच्या बाजाराला गेलेले. वखारीत कुणी नव्हतं. एवढं भांडण झालं त्या ताटल्या आहेत तरी कशा, म्हणून काकूनं हळूच कपाट उघडलं. वरचीच ताटली हातात घेतली, तर तिच्यावर लाल किडा. "मला वाटलं खराच. मी केवढ्यांदा दचकलो! फुंकर मारली, उडंना. मग पदराचं टोक केलं, आनी पाय मोडू नयेत म्हणून अलगद, अलगद उचलाय गेलो..." चितारलेल्या किड्याला जीवदान द्यायला निघालेली एकोणीस वर्षांची काकू मला समोर दिसली. उलगडा झाल्यावर ती एकटीच त्या तंबाखूच्या वासात तोंडाला पदर लावून हसत उभी राहिली होती. "सांगणार कुणाला? नियम घिऊन चार दीस न्हाई झालं, आनी बाई ताटली हातात धरून हसतीया! सासूबाई काय म्हणाल्या असत्या? मग ऱ्हायलं ते ऱ्हायलंच." आणि खिडकीकडे पाठ का? "तोंड करून बसलो असतो तर मलाबी हसू आलं असतं की गं. कपाट घरात आलं तवा सासूबाई हुत्या, समोर जेवाय बसायच्या. मग तीच जागा हून गेली."

अण्णांचा बेत मी तिला तेव्हा सांगितला. भात सरेल, किडा निघेल, ती दचकेल, आणि ते हसतील. ऐकून ती उठली. सूप बाजूला ठेवलं, कपाटातून तीच ताटली नेमकी काढली, धुतली, पुसली, आणि स्वयंपाकाला लागली. उन्हं उतरायच्या आत भात, आमटी, पडवळाची भाजी झाली. बाहेरच्या खोलीत तिनं दोन पाट मांडले. एका पाटासमोर स्वतःचं स्टीलचं ताट, दुसऱ्यासमोर ती ताटली. मी म्हटलं, काकू, तुझा नियम. "माझा हाय. तुझा कुठं हाय? तू जेव. मी बघतो." आणि या वेळी ती खिडकीकडे तोंड करून बसली.

त्या ताटलीत जेवणारी घरातली मी पहिली. इतक्या वर्षांत अण्णांनी तिच्याबद्दल एवढं सांगितलं होतं, पण एक गोष्ट त्यांनाही ठाऊक नव्हती, भात सरत जाताना ती कशी दिसते ते. आधी सोनेरी रेघेशी आमटी येऊन थांबली. मग एका घासागणिक गुलाब वर आले, मग ते निळं फूल, मग ती कोरी जागा. पिवळ्या आमटीतून वर येणारी ती पांढरी जागा इतकी सुंदर दिसत होती, की कारागिरानं हात का आवरला ते मला साठीच्या उंबऱ्यावर कळलं. काकू आपला घास विसरून बघत होती. शेवटचा भात मी बोटांनी कडेला ओढला आणि तळाशी लाल किडा निघाला.

काकू पुढं वाकली. पदराचं टोक तिनं बोटावर घेतलं, पाय मोडू नयेत अशा बेतानं किड्यापर्यंत नेलं, आणि एकदम हात मागे घेतला. मग माझ्या डोक्यावरून खिडकीपाशीच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणाली, "अवो, दचकलो बघा."

खोलीत ऊन होतं. आम्ही दोघी किती वेळ हसलो आणि त्यातलं हसणं कुठं संपलं ते मला सांगता येणार नाही. सूर्य टेकायच्या आत काकूनं जेवण उरकलं, ताटली स्वतः धुतली, अण्णांच्या फडक्यानं टिपली, आणि खिडकीतल्या टेकूवर ठेवली. ताटल्या मी बेळगावला आणल्या नाहीत. सोमवारी सकाळी तिचा फोन आला. पाऊसपाणी झालं, भाजीपाला झाला, कुणाचं तरी लग्नही जमून झालं, आणि सगळ्यात शेवटी ती म्हणाली, "आज ताटली बदलायचा दीस हाय न्हवं? मी न्हाई बदलली. ऱ्हाऊ दे हीच."